गंजावर श्वास घेणारी माती

२० ऑगस्ट १९७९. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातल्या बेमिजी गावाजवळच्या रानात तुम्ही उभे आहात. जमिनीखालची पाइपलाइन फुटली आहे आणि कच्च्या तेलाचा फवारा झाडांवर कोसळतो आहे. वासानं तुमचं डोकं गरगरतं. हलके घटक हवेत उडून चालले आहेत, त्यांचाच हा वास. सुमारे १७ लाख लिटर तेल सांडलं. बरंचसं उपसलं गेलं, तरी चारेक लाख लिटर रेतीत मुरलं.

आता तेलाबरोबर खाली उतरा. काही मीटर खोलीवर भूजल लागतं आणि तेल त्यावर तरंगत थांबतं. तेल खाणारे जिवाणू इथे आधीपासूनच आहेत. विरघळलेला प्राणवायू वापरून ते कामाला लागतात, पण थंड पाण्यातही तो लिटरमागे जेमतेम दहाएक मिलिग्रॅम. बघता बघता संपतो.

१९८३. वर अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेनं विंधनछिद्रं घ्यायला सुरुवात केली आहे. तुमच्याभोवती मात्र प्राणवायू नाही, तरी पचन थांबलेलं नाही. रेतीच्या कणांवर लोहाचा गंज आहे. एरवी प्राणवायूला दिले जाणारे तेलातले इलेक्ट्रॉन जिवाणू आता त्या गंजालाच देतात. लोह विरघळतं, तांबूस रेती करडी पडते. तेलातल्या घटकांपैकी टोल्युइन लवकर संपतं, बेंझिन चिवटपणे टिकतं. आणि गंजाला चिकटून असलेलं नैसर्गिक आर्सेनिक सुटून पाण्यात येतं. तेलात नव्हतं ते विष तेलामुळे मोकळं झालं, हे मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करतं.

जिथे गंजही उरला नाही तिथे दुसरे सूक्ष्मजीव तेलाचं मिथेन करतात. पुढच्या दशकांत पोहोचा: मिथेन वर चढतं, वरच्या थरात हवा मिळताच त्याचा कार्बन डायऑक्साइड होतो, आणि या पचनाच्या उष्णतेनं जमीन आजूबाजूपेक्षा किंचित उबदार लागते. तेलातला बहुतांश कार्बन याच वाटेनं, वायू होऊन जातो. भूजलाबरोबर वाहणारं बेंझिनही बरंचसं वाटेतच पचतं. अर्धवट तुटलेले रेणू मात्र त्याच्याही पुढे वाहत जातात.

चाळीस वर्षांनंतरही तेल तिथे आहे. म्हणून गळतीनंतर कुणी ‘निसर्ग करेल साफ’ म्हणालं, तर विचारा: त्या मातीत प्राणवायू किती, लोह किती, आणि जवळची विहीर किती अंतरावर?