इंडियन सुपर लीग : जागतिक साथीतील हंगाम (२०२०–२२)

भारतातील व्यवसायी फुटबॉल संघांची राष्ट्रीय साखळी स्पर्धा आणि कोविड–१९ च्या जागतिक साथीमुळे तिच्या स्वरूपात झालेले बदल. मार्च २०२० ते मार्च २०२२ या दोन वर्षांत या स्पर्धेचा एक अंतिम सामना रिकाम्या मैदानावर झाला आणि पुढील दोन संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर बंदिस्त व्यवस्थेत खेळविण्यात आले. साखळी स्पर्धा म्हणजे प्रत्येक संघाने आपल्या गावी व प्रतिस्पर्ध्याच्या गावी असे दोनदा खेळणे, हे या पद्धतीचे मूलतत्त्व होय. त्यालाच साथीमुळे बाध आला.

पार्श्वभूमी : भारतात राष्ट्रीय पातळीवरील साखळी स्पर्धा १९९६ मध्ये ‘नॅशनल फुटबॉल लीग’ या नावाने सुरू झाली. २००७ मध्ये तिची जागा ‘आय-लीग’ने घेतली. इंडियन सुपर लीगचा आरंभ २०१४ मध्ये आठ संघांनिशी झाला. प्रारंभी ती आय-लीगला समांतर अशी दोन-तीन महिन्यांची स्पर्धा होती. २०१७–१८ पासून संघांची संख्या दहा झाली व हंगामाचा काळही वाढला. २०१९–२० च्या हंगामापासून तिला देशातील अग्रमानांकित साखळी स्पर्धेचे स्थान मिळाले. साखळी फेरीत प्रथम येणाऱ्या संघास आशियाई चँपियन्स लीग स्पर्धेच्या गटसाखळीत थेट प्रवेश देण्याचे याच वेळी ठरले. साखळीनंतर पहिल्या चार संघांत उपांत्य व अंतिम सामने होत आणि त्यांतील विजेता संघ अजिंक्य ठरे. [⟶ फुटबॉल].

साथीचा आरंभ : २०१९–२० च्या हंगामात एफ.सी. गोवा हा संघ साखळी फेरीत प्रथम आला व आशियाई चँपियन्स लीगच्या गटसाखळीस पात्र ठरणारा पहिला भारतीय संघ ठरला. ८ मार्च २०२० रोजी कोलकात्यातील उपांत्य सामना प्रेक्षकांच्या उपस्थितीत झाला. ११ मार्च रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोविड–१९ ही जागतिक साथ असल्याचे जाहीर केले. त्यानंतर भारत सरकारने क्रीडास्पर्धा प्रेक्षकांविना घेण्याची सूचना दिली. परिणामी १४ मार्च रोजी मडगावनजीकच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू मैदानावर अंतिम सामना बंद दरवाजाआड खेळविण्यात आला. त्यात ए.टी.के. या कोलकात्याच्या संघाने चेन्नईयिन संघाचा ३–१ असा पराभव करून तिसऱ्यांदा अजिंक्यपद मिळविले. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली व सर्व मैदाने बंद झाली.

इंडियन सुपर लीगचा हंगाम अशा रीतीने शेवटास गेला. आय-लीगचा मात्र अर्धवट राहिला. मोहन बागान संघाने १० मार्च रोजी कल्याणी येथे आयझॉल संघास १–० असे हरवून चार सामने शिल्लक असतानाच विजेतेपद निश्चित केले होते. त्यानंतर स्पर्धा स्थगित झाली. उरलेले २८ सामने खेळवायचे नाहीत, असे एप्रिलमध्ये ठरले. मोहन बागानला विजेता घोषित करण्यात आले व त्या हंगामापुरती खालच्या श्रेणीत पदावनती रद्द करण्यात आली. विजेत्याबाबत शंका नसल्याने हा निर्णय सुलभ झाला. अन्य देशांत तसे नव्हते. नेदर्लंड्समध्ये कोणासही विजेता घोषित केले गेले नाही. फ्रान्समध्ये प्रतिसामना गुणांच्या सरासरीवरून क्रम लावण्यात आला. जर्मनीत १६ मेपासून व इंग्लंडमध्ये १७ जूनपासून प्रेक्षकांविना सामने पुन्हा सुरू झाले.

साथीने स्पर्धा खंडित होण्याची ही पहिलीच वेळ नव्हती. १९१९ मध्ये इन्फ्ल्यूएंझाच्या साथीमुळे स्टॅन्ली चषकाची बर्फावरील हॉकीची अंतिम मालिका सीॲटल येथे निर्णयाविना सोडून द्यावी लागली होती व तीतील एका खेळाडूचे निधनही झाले होते.

गोव्याची निवड व बंदिस्त व्यवस्था : २०२०–२१ चा हंगाम एकाच राज्यात भरविण्याचा निर्णय ऑगस्ट २०२० मध्ये जाहीर झाला. फातोर्डा, बांबोळी येथील जी.एम.सी. मैदान व वास्को द गामा येथील टिळक मैदान ही तिन्ही एकमेकांपासून थोड्या अंतरावर आहेत. विमानप्रवास न करता सर्व संघांना तेथे ये-जा करणे शक्य होते. सरावासाठी मैदाने उपलब्ध होती आणि पर्यटन थंडावल्यामुळे हॉटेलेही मोकळी होती. गोव्यात फुटबॉल हा लोकप्रिय खेळ असून त्याची परंपरा एकोणिसाव्या शतकापासूनची आहे.

प्रत्येक संघाचे खेळाडू, प्रशिक्षक व साहाय्यक यांना स्वतंत्र निवासात ठेवून बाहेरच्या जगाशी त्यांचा संपर्क तोडण्यात आला. या व्यवस्थेस ‘जैव-सुरक्षित कडे’ किंवा रूढ भाषेत ‘बायो-बबल’ असे म्हणत. कड्यात प्रवेश करण्यापूर्वी विलगीकरण व चाचण्या आवश्यक होत्या. हंगामभर ठरावीक काळाने चाचण्या चालू राहिल्या. संयोजकांनी दिलेल्या आकड्यांनुसार १४ हॉटेलांतून सु. १,६०० व्यक्तींची सोय करण्यात आली व ७० हजारांवर चाचण्या झाल्या. खेळाडूंवरील ताण लक्षात घेऊन एका सामन्यात तीनऐवजी पाच बदली खेळाडू उतरविण्याची मुभा देण्यात आली. आंतरराष्ट्रीय नियमन मंडळाने मे २०२० मध्ये तशी तात्पुरती तरतूद केली होती.

२०२०–२१ चा हंगाम : कोलकात्याचे दोन जुने संघ याच हंगामात या स्पर्धेत आले. मोहन बागान ए.टी.के.शी संयुक्त होऊन व ईस्ट बेंगॉल नवा संघ म्हणून उतरला. त्यामुळे संघांची संख्या अकरा झाली. २० नोव्हेंबर २०२० रोजी बांबोळी येथे केरला ब्लास्टर्स व ए.टी.के. मोहन बागान यांच्यातील सामन्याने आरंभ झाला व तो रॉय कृष्णा याच्या गोलामुळे ए.टी.के. मोहन बागानने १–० असा जिंकला. टाळेबंदीनंतर देशात भरलेल्या मोठ्या क्रीडास्पर्धांपैकी ही पहिली होय. क्रिकेटची इंडियन प्रीमियर लीग त्या वर्षी संयुक्त अरब अमिरातींत भरविण्यात आली होती. मोहन बागान व ईस्ट बेंगॉल यांच्यातील या स्पर्धेतील पहिली लढत २७ नोव्हेंबर रोजी टिळक मैदानावर झाली. लाखभर प्रेक्षकांपुढे होऊन गेलेल्या या परंपरागत लढतीस त्या दिवशी रिकाम्या बाकांखेरीज साक्षी नव्हते.

साखळीतील ११० व नंतरचे ५ असे ११५ सामने ठरल्याप्रमाणे पार पडले. अखेरचा साखळी सामना २८ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबई सिटी व ए.टी.के. मोहन बागान यांच्यात झाला. प्रथम क्रमांकासाठी कोलकात्याच्या संघास बरोबरी पुरेशी होती. परंतु मुंबईने २–० असा विजय मिळविला. दोन्ही संघांचे प्रत्येकी ४० गुण झाले व परस्परांतील सामन्यांच्या निकालावरून मुंबईस प्रथम क्रमांक मिळाला. १३ मार्च रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यात हेच संघ पुन्हा समोरासमोर आले. डेव्हिड विल्यम्सने कोलकात्यास आघाडी मिळवून दिली. तिरीच्या स्वयंगोलाने बरोबरी झाली आणि ९० व्या मिनिटास बिपिन सिंगने केलेल्या गोलामुळे मुंबई २–१ ने विजयी झाली. सर्जिओ लोबेरा यांच्या मार्गदर्शनाखालील हा संघ एकाच हंगामात साखळीतील प्रथम क्रमांक व अजिंक्यपद ही दोन्ही मिळविणारा पहिला संघ होय. महाराष्ट्रातील संघाने ही स्पर्धा जिंकण्याचा हा पहिलाच प्रसंग असला, तरी त्या हंगामात मुंबई सिटीला अंधेरी येथील आपल्या मैदानावर एकही सामना खेळता आला नाही.

महाराष्ट्रातील परिस्थिती त्या वेळी पुन्हा बिघडत होती. अंतिम सामन्यानंतर दोनच दिवसांनी, १५ मार्चपासून २१ मार्चपर्यंत, नागपूर शहरात कडक टाळेबंदी लागू करण्यात आली. विजयोत्सवास वाव नव्हता. नागपुरातील झोपडपट्टीच्या मुलांना फुटबॉलकडे वळविणारे विजय बारसे यांच्या कार्यावर आधारलेला ‘झुंड’ हा नागराज मंजुळे यांचा चित्रपटही मे २०२० ऐवजी ४ मार्च २०२२ रोजी प्रदर्शित झाला. दुसऱ्या लाटेच्या ऐन भरात, एप्रिल २०२१ मध्ये, आशियाई चँपियन्स लीगचे गटसामने फातोर्डा येथे प्रेक्षकांविना झाले. त्यांत एफ.सी. गोवाने कतारच्या अल्-रय्यान संघाशी ०–० अशी बरोबरी साधून या स्पर्धेतील भारतीय संघाचा पहिला गुण मिळविला.

२०२१–२२ चा हंगाम : १९ नोव्हेंबर २०२१ पासून दुसरा बंदिस्त हंगाम त्याच तीन मैदानांवर सुरू झाला. यावेळी कडे अभेद्य राहिले नाही. ओमायक्रॉन या विषाणुप्रकाराचा फैलाव होताच जानेवारी २०२२ मध्ये अनेक संघांतील खेळाडू बाधित झाले. ८ जानेवारीचा ए.टी.के. मोहन बागान व ओडिशा यांच्यातील सामना पुढे ढकलावा लागला व त्यानंतर आणखीही सामने लांबले. तथापि स्पर्धा थांबली नाही. कोलकाता परिसरात एकत्रितपणे भरविलेली आय-लीग मात्र २६ डिसेंबरला सुरू होऊन काही दिवसांतच स्थगित झाली व ३ मार्च २०२२ रोजी पुन्हा सुरू झाली. २० मार्च २०२२ रोजी फातोर्डा येथील अंतिम सामन्यास प्रेक्षकांना पुन्हा प्रवेश मिळाला. हैदराबादने केरला ब्लास्टर्सवर १–१ अशा बरोबरीनंतर पेनल्टी किकांवर ३–१ असा विजय मिळविला. ७ ऑक्टोबर २०२२ पासून स्वगृही व परगृही सामन्यांची मूळ पद्धत पूर्ववत झाली.

परिणाम व मूल्यमापन : प्रक्षेपणाचे हक्क व जाहिरात यांवर या स्पर्धेची आर्थिक उभारणी असल्यामुळे तिकीटविक्री बुडूनही ती तगली. खेळाडूंचे वेतन, करार व राष्ट्रीय संघाची पूर्वतयारी यांत मोठा खंड पडला नाही, हे बंदिस्त व्यवस्थेचे फलित म्हणावे लागेल. उलटपक्षी, स्वगृहाचा लाभ नाहीसा झाल्याने गुणतक्त्याचा अर्थ बदलला आणि महिनोन्‌महिने कुटुंबापासून दूर, एकाच निवासात राहण्याचा मानसिक भार खेळाडूंनी सोसला.

हे संरक्षण सर्वांना सारखे मिळाले नाही. संतोष करंडकाची २०१९–२० ची अंतिम फेरी झालीच नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये भारतात व्हावयाची सतरा वर्षांखालील मुलींची विश्वचषक स्पर्धा आधी पुढे ढकलण्यात आली, नंतर रद्द झाली आणि २०२२ साली भरली. ज्या मुलींसाठी ती होती, त्यांतील अनेकींचे वय तोवर उलटून गेले होते. सर्वांत कठोर प्रसंग महिला आशियाई चषकात ओढवला. ही स्पर्धा जानेवारी २०२२ मध्ये मुंबई, नवी मुंबई व पुणे येथे भरली होती. २३ जानेवारी रोजी नवी मुंबईत चिनी तैपेईविरुद्धच्या सामन्यासाठी किमान तेरा निरोगी खेळाडू उभ्या करणे यजमान भारतास अशक्य झाले व नियमानुसार संघ स्पर्धेबाहेर गेला. त्यामुळे विश्वचषकास पात्र होण्याची त्यांची संधीही हुकली. पुरुषांच्या साखळीत बाधित संघाचा सामना पुढील तारखेस नेता आला. अल्पकाळाच्या स्पर्धेत तशी सवलत नव्हती. साथीने खेळ थांबविला त्याहून अधिक, कोणाचा खेळ चालू ठेवण्यासाठी किती साधने खर्ची पडतात यातील अंतर तिने उघड केले. या दोन हंगामांचे ऐतिहासिक महत्त्व विजेत्यांच्या नावांइतकेच या अंतरातही आहे.