कोळसा दर महिन्याला मोजतात, तेंदूचं काय?

देशात तेजी आहे की मंदी, हे चंद्रपूर जिल्ह्यात नुसत्या डोळ्यांनीही थोडंफार दिसतं. सरकार दर महिन्याला आठ पायाभूत उद्योगांचे आकडे जाहीर करतं. त्यातले तीन इथे शेजारी शेजारी आहेत: कोळशाच्या खाणी, २,९२० मेगावॅटचं औष्णिक वीज केंद्र आणि गडचांदूर-घुग्घुसकडचे सिमेंट कारखाने. बांधकामं वाढली की सिमेंट उचललं जातं, कारखाने जोरात चालले की वीज जास्त लागते.

आकड्यांवरून तेजी-मंदी ओळखायची ही रीत जुनी आहे. १९३७ मध्ये अमेरिका पुन्हा मंदीत घसरली, तेव्हा तिथल्या अर्थमंत्र्यांनी विचारलं, मंदी सरत आली हे आधीच कसं कळेल? वेस्ली मिचेल आणि आर्थर बर्न्स यांनी १९३८ मध्ये त्यासाठी २१ निर्देशकांची यादी दिली. आजचे निर्देशक याच परंपरेतले.

पण निर्देशक नक्की कुणाची गोष्ट सांगतो?

२६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपूरमधून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. त्या दिवशी कुणाच्या घरात एक रुपया जास्त आला नाही की कमी झाला नाही. तरी दरडोई उत्पन्नाचा हिशेब बदलला. तोवर कोळशाच्या सरासरीत जंगलातली गरिबी झाकली जात होती, आता ती वेगळी दिसू लागली. रेघ नकाशावर ओढली गेली, आकडा मात्र माणसांचा बदलला.

दुसरी गोष्ट बांबूची. अनेक दशकं गडचिरोलीचा बांबू वनखात्याच्या करारांनी बल्लारपूरच्या कागद कारखान्यात जात होता. २७ एप्रिल २०११ ला धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) ग्रामसभेला बांबूच्या वाहतूक परवान्यांचं पुस्तक मिळालं आणि गाव स्वतःचा बांबू स्वतः विकू लागलं. कागद उत्पादनाच्या आकड्यात हा बदल शोधून सापडणार नाही. किती टन कागद निघाला हे तो सांगतो. बांबूचे पैसे कुणाच्या हातात पडले, हे तो सांगत नाही.

तिसरी गोष्ट तेंदूपत्त्याची, आणि सगळ्यांत जास्त चटका लावणारी तीच. उन्हाळ्यातले मोजके दिवस अख्खं घर पहाटे जंगलात जातं. पानं तोडायची, सत्तर-सत्तर पानांची पुडकी बांधायची, संध्याकाळी फळीवर मोजून द्यायची. त्या पैशावर पावसाळ्याआधी धानाचं बियाणं येतं, मुलांची शाळा सुरू होते. २०१७ च्या हंगामात ग्रामसभांच्या लिलावांत भाव चढे होते. जुलैमध्ये जीएसटी आला: तेंदूपत्त्यावर १८ टक्के, बिडीवर २८ टक्के. २०१८ मध्ये भाव कोसळले. त्याच आर्थिक वर्षात देशाचा विकासदर सहा टक्क्यांच्या वर होता. पेपरात वाढ होती आणि फळीवर मंदी. दोन्ही खरं होतं.

म्हणजे निर्देशक खोटे असतात का? नाही. पावसाळ्यात उघड्या खाणींत पाणी भरतं, कोळसा घटतो. त्याला कुणी मंदी म्हणत नाही, कारण तुलना मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी होते. कोळशासाठी एवढी काळजी घेतली जाते, कारण रोज वजनकाटा चालतो आणि दर महिन्याला आकडा वर जातो. तेंदूच्या हंगामाला असा मासिक आकडा नाही. त्यामुळे जंगलातली मंदी आधी दुकानदाराच्या उधारीच्या वहीत दिसते.

आता सुरजागडच्या लोहखनिजामुळे गडचिरोलीही पोलादाच्या आकड्यांत येऊ लागली आहे. जिल्ह्याचं दरडोई उत्पन्न वाढेलही. तेव्हा तो आकडा वाचणाऱ्याने एक प्रश्न जवळ ठेवावा: यंदा फळीवर पुडक्याला काय भाव मिळाला? ज्या आकड्यात हे उत्तर नाही, त्यावरून एटापल्लीचं घर सावरलं असं ठरवता येणार नाही.