जरा कागद गुंडाळून द्या!

इतिहास लिहिणाऱ्या मंडळींचे एक कळत नाही. राजांनी एकमेकांना काय नजराणे दिले याची ते पानेच्या पाने यादी देतात, पण गणपत जॉबरने बबन साचेवाल्याच्या लग्नात कोणता आहेर केला याबद्दल अवाक्षर काढत नाहीत. वास्तविक दोन्हीकडचे धोरण एकच. वस्तू दिसायला मोठी हवी आणि आपल्या खिशाला लहान. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन महाराजांसाठी हिऱ्याची अंगठी घेऊन आला होता. राज्याभिषेकाचा मुहूर्त आणि व्यापाराच्या सवलतींचा अर्ज त्याने एकदमच साधला. आमच्या लालबागेत याला 'आहेरात काम उरकणे' म्हणत.

त्याच्याही आधी, १६१६ च्या सुमारास, सर टॉमस रो याने जहांगीर बादशहाला विलायतेची घोडागाडी भेट दिली. बादशहाने काय करावे? गाडीच्या आतले मखमली अस्तर काढून टाकले आणि त्या जागी चांगले भारी कापड लावून घेतले. भेटवस्तूच्या दर्जाबद्दल हिंदुस्थानात इतकी परिणामकारक तक्रार पुन्हा कोणी केली असेल असे वाटत नाही. आमच्या मामाच्या दुकानातली गिऱ्हाइके तोंडाने पुष्कळ बोलत, पण अस्तरापर्यंत कोणी गेले नाही.

मामाचे दुकान लालबागच्या एका गल्लीत होते. आठ फूट रुंद, दहा फूट खोल. पाटीवर 'प्रेझेंटेशन आर्टिकल्स' असे लिहिले होते आणि गल्लीतले सगळे त्याला 'परझेंटचं दुकान' म्हणत. शाळेच्या सुट्टीत मी तिथे बसत असे. माझे काम दोन प्रकारचे: शोकेसवरची धूळ झटकणे आणि वस्तूंवरच्या किमतीच्या चिठ्ठ्या नखाने खरवडणे. आज माझ्या उजव्या अंगठ्याचे नख थोडे वाकडे आहे, ते या राष्ट्रकार्यामुळे.

दुकानातला माल म्हणजे लेमन सेट, म्हणजे एक जग आणि सहा ग्लास, त्यांवर लाल फुले. भिंतीवरची घड्याळे. स्टीलचे डबे, 'नाव घालून मिळेल' या अटीवर. शिंपल्यांचा ताजमहाल, आत लाल दिवा. आणि एक काचेचे हरिण, जे मी पहिल्यांदा पाहिले तेव्हाही होते आणि शेवटचे पाहिले तेव्हाही होते.

गिऱ्हाईक येई ते वस्तू मागत नसे, आकडा सांगे.

"मामा, पंधरा रुपयांत काहीतरी दाखवा. पण पंचविसाचं वाटलं पाहिजे."

"लग्न कुणाचं?"

"साडूच्या मुलीचं."

"मग पस्तिसाचं वाटेल असं देतो," मामा म्हणे आणि वस्तू तीच ठेवून खोके बदले.

खोके ही मामाच्या धंद्याची किल्ली होती. चहाचे दोन कप तो एवढ्या मोठ्या खोक्यात भरून देई की नेणाऱ्याला दरवाजातून तिरके व्हावे लागे. वरून चकचकीत कागद गुंडाळायचे तो पैसे घेत नसे. "कागद काय, इज्जत झाकायला असतो. इज्जतीचे पैसे घ्यायचे नाहीत," हे त्याचे अर्थशास्त्र. परवा एका मॉलमध्ये मला नुसत्या कागदाचे चाळीस रुपये पडले. इज्जतीचा भाव वाढला आहे असे समजून मी ते दिले.

संक्रांतीच्या आधीचा पंधरवडा मात्र मामा देवाचे नाव घेऊन काढी. हळदीकुंकवाचे वाण न्यायला बायका येत. साबणाच्या डब्या, गाळण्या, कुंकवाच्या डब्या, सगळे डझनावारी.

"गेल्या वर्षी तुम्ही गाळणी दिलीत ती आठवड्यात फाटली हो."

"वहिनी, वाण लुटायचं असतं. वापरायला तुम्हाला कुणी सांगितलं?"

यावर वहिनी हसत, तीन आणे कमी करून घेत (आणे जाऊन तेव्हा वीस-बावीस वर्षे झाली होती, पण घासाघीस आण्यांतच चाले) आणि पुन्हा तीच गाळणी छत्तीस नग घेऊन जात.

मामाला आयुष्यात एकाच गोष्टीची भीती वाटली, ती म्हणजे सरकारची. १९५८ साली अर्थसंकल्प मांडायची पाळी साक्षात पंडित नेहरूंवर आली आणि त्यांनी भेटींवर कर बसवला. तो मोठमोठ्या मालमत्ता मुलाबाळांच्या नावे करणाऱ्या धनिकांसाठी होता. पण मामाला हे कोणी समजावून सांगितले नाही. आपण विकलेल्या ताजमहालाचा हिशोब दिल्लीत मागतील अशी धास्ती त्याने कितीतरी वर्षे बाळगली. १९९८ साली तो कर रद्द झाल्याची बातमी मी त्याला वाचून दाखवली तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "बरं झालं. मी भरला नव्हता."

आता मुख्य ऐतिहासिक सिद्धान्त. आहेराची वस्तू वापरण्यासाठी नसते, ती फिरण्यासाठी असते. मामा प्रत्येक खोक्याच्या तळाला पेन्सिलीने एक बारीक फुली आणि साल लिहून ठेवी. १९७४ ची फुली असलेला एक लेमन सेट १९७९ साली आमच्याच मामीला डोहाळजेवणात भेट म्हणून आला. पाच वर्षांत तो किती मांडव फिरला असेल, देव जाणे! एकही ग्लास फुटला नव्हता, कारण एकही ग्लास बाहेर आला नव्हता. मामाने त्याला पुसले, नवा कागद गुंडाळला आणि पुन्हा शोकेसमध्ये उभा केला. "घरचा पोर आहे, कामाला लागला पाहिजे," तो म्हणाला.

हे सगळे चालले होते ते गिरणीच्या भोंग्यावर. पगार झाला की दुकानात गर्दी. गंमत म्हणजे सर्वात जास्त खपायचे घड्याळ, आणि चाळीत कोणालाच त्याची गरज नव्हती. भोंगा उठवी, भोंगा जेवू घाली, भोंगा झोपवी. घड्याळ भिंतीवर शोभेला.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. पहिले दोन महिने लोक पाडव्याच्या वायद्यावर उधारीने आहेर नेत. पाडवा गेला, मग दसऱ्याचा वायदा झाला. भोंगा बंद होता, आणि चाळीतल्या लोकांनी पहिल्यांदाच भिंतीवरच्या घड्याळांना किल्ल्या दिल्या. वेळ मात्र जाता जात नव्हती.

पावसाळ्याच्या तोंडाला साचेखात्यातला एक कामगार दुकानात आला. साताऱ्याकडचा माणूस. धोतराच्या सोग्याखाली एक खोके.

"शेठ, ह्ये परत घ्याल का? पोरीच्या लग्नात आल्यालं. खोकं बी उघडल्यालं न्हाई."

मी खोके पालथे केले. तळाला फुली नव्हती. दादरच्या कोणत्याशा दुकानाची चिठ्ठी होती. मी मामाकडे पाहून मान हलवली, हा माल आपला नाही. मामाने माझ्याकडे असे पाहिले की मी गप्प हरिणावरची धूळ पुसू लागलो.

"आपलाच आहे," मामा म्हणाला आणि गल्ल्यातून बत्तीस रुपये काढून दिले. तो माणूस गेल्यावर त्याने तळाला पेन्सिलीने फुली काढली.

बातमी चाळीत फिरायला भोंगा लागत नाही. पुढच्या महिन्यात दुकानात गिऱ्हाइके वाढली, पण उलट्या दिशेने. लेमन सेट आले, डबे आले, ताजमहाल तर इतके आले की शहाजहानही दमला असता. मामी म्हणाली, "अहो, दुकान विकायचं असतं की भरायचं?" मामा म्हणाला, "जपून ठेवतोय. संप मिटला की सोडवून नेतील."

तो संप अधिकृतपणे कधी मागेच घेतला गेला नाही. लोक गावी गेले, कोणी भाजी विकायला बसले, कोणी वॉचमन झाले. ज्या गिरणगावात धुराडी होती तिथे पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीत आज लोक एस्कलेटरने खरेदीला जातात. डबे मामाने हळूहळू विकले, ताजमहाल मुलांना वाटले. पण साताऱ्याच्या त्या माणसाचा लेमन सेट त्याने विकला नाही.

माझ्या लग्नात मामाने मला आहेर दिला तो तोच. खोक्याच्या तळाला फुली आणि १९८२. वर नवा चकचकीत कागद. मांडवातच मला बाजूला घेऊन म्हणाला, "हे बघ, उघडू नकोस. तो माणूस आला तर द्यायचा आहे."

"मामा, मग हा आहेर कसला?"

"आहेरच तो. सांभाळायला दिलेला," मामा म्हणाला.

मामा गेला, दुकानाच्या जागी मोबाइल रिचार्जवाला आला. लेमन सेट आमच्या माळ्यावर आहे. दर दिवाळीत साफसफाईला बायको तो खाली काढते आणि विचारते, "यंदा तरी उघडायचा का? नाहीतर कुणाच्या तरी लग्नात देऊन टाकू." मी खोके पालथे करून फुली पाहतो. पेन्सिल पुसट झाली आहे, पण वाचता येते. मग मी नेहमीचेच सांगतो,

"राहू दे. कागद तेवढा नवीन गुंडाळ."