कोणाशी ताडून पाहिलं?

अल क्वोज, दुबई, १९६१

तुमच्या पायाखाली वाळू आहे. पुढे जिथे गॅरेजं, टाइल्सची गोदामं, कामगारांचे कॅम्प आणि अल्सरकल अव्हेन्यूची कलादालनं उभी राहतील, तिथे आत्ता फक्त खुरटी झुडपं आहेत. दुबईला तेल सापडायला अजून पाच वर्षं आहेत. खिशात हात घातलात तर दहा रुपयांची लाल नोट निघते. हा गल्फ रुपया, भारताच्या रिझर्व्ह बँकेने खास आखातासाठी काढलेला. इस्पितळ गाठायचं तर खाडीपलीकडे दहा वर्षांपूर्वी सुरू झालेलं मक्तूम हॉस्पिटल आहे. पण इथल्या एखाद्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाला तर मक्तूममध्येच काय, मुंबईत किंवा लंडनमध्येही त्याला खात्रीने वाचवणारा उपाय नाही.

तो उपाय ज्या शोधावर उभा राहणार आहे, तो याच वर्षी प्रसिद्ध होतोय. तुम्ही कॅनडात टोरोंटोच्या एका प्रयोगशाळेत डोकावता. अर्नेस्ट मॅककलक आणि जेम्स टिल किरणोत्सर्गाचा अस्थिमज्जेवर काय परिणाम होतो ते तपासत आहेत. त्यांनी उंदरांची अस्थिमज्जा किरणांनी मारली आणि मग त्यांना दुसऱ्या उंदरांच्या मज्जेतल्या पेशी टोचल्या. एका रविवारी मॅककलक उंदरांच्या प्लीहा तपासतो, तेव्हा त्यावर बारीक गाठी दिसतात. तो त्या मोजतो. पेशी जास्त टोचल्या तिथे गाठी जास्त, कमी टोचल्या तिथे कमी. साधारण दहा हजार पेशींमागे एक गाठ. प्रत्येक गाठ एकाच पेशीपासून वाढते, हे आणखी दोन वर्षांनी सिद्ध होईल.

हीच मूलपेशी. कोकणातलं घर पोटाला चिमटा बसला तरी बियाण्याचा भात वेगळा राखून ठेवतं, तशी ती शरीराने राखलेली असते. स्वतःसारखी नवी पेशी घडवायची आणि गरज पडली की तांबड्या पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट असं काहीही व्हायचं, ही दोन्ही कामं तिला येतात. या शास्त्राचा जन्म एका मोजणीतून झाला, हे मनाशी पक्कं धरा. पुढच्या सगळ्या प्रवासात ते लागणार आहे.

परळ, २० मार्च १९८३

आता तुम्ही टाटा मेमोरियल हॉस्पिटलच्या आवारात आहात. बाहेर फुटपाथवर गावोगावहून आलेली माणसं पथारी पसरून बसली आहेत. आत व्हीलचेअरवर बसलेले डॉ. सुरेश अडवाणी एका नऊ वर्षांच्या मुलीच्या खाटेशी आहेत. लहानपणी पोलिओने त्यांचे पाय गेले. अमेरिकेत सिएटलला डॉ. डॉनल थॉमस यांच्याकडे ते हे तंत्र शिकून आले. मुलीला रक्ताचा कर्करोग आहे आणि अस्थिमज्जा देणारा तिचा भाऊ आहे. भारतातलं हे पहिलं यशस्वी अस्थिमज्जा प्रत्यारोपण ठरेल.

पाहताना त्यात नाट्य काही दिसत नाही. भावाच्या कमरेच्या हाडातून काढलेली मज्जा रक्ताच्या बाटलीसारखीच सलाइनच्या नळीतून आत जाते. अवघड काम त्याआधी झालंय. मुलीची स्वतःची मज्जा उपचारांच्या जबर माऱ्याने पुसून टाकली आहे. आता भावाच्या पेशी रक्तातून वाट काढत हाडांत पोचून रुजेपर्यंत तिच्याकडे जंतूंशी लढायला काहीच उरलेलं नाही. साधा ताप जीव घेऊ शकतो. रोज रक्त काढायचं, पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि आकडा वर सरकायची वाट बघायची. आईबापांचं हे वाट बघणं अनेक आठवडे चालतं.

परळच्या या खोलीत जे शक्य झालं, त्याच्यामागे एक कबुली आहे. १९५७ साली डॉ. थॉमस यांनी आपल्या पहिल्या सहा रुग्णांचा अहवाल छापला होता. त्यातला एकही रुग्ण शंभर दिवसांपलीकडे जगला नव्हता. ते अपयश त्यांनी आकड्यांसकट जगापुढे ठेवलं, म्हणून पुढच्यांना चूक शोधता आली आणि रक्तगटासारखा पेशींचाही मेळ जुळवायला हवा हे कळलं. १९९० मध्ये त्यांना नोबेल मिळालं. मूलपेशींचा सर्वांत जुना आणि सर्वांत भक्कम उपचार आजही हाच आहे.

मुंबई, ऑगस्ट २००१

तुमच्या हातात वर्तमानपत्र आहे. ९ ऑगस्टला अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश टीव्हीवरून बोलले. भ्रूणापासून काढलेल्या मूलपेशींवरच्या संशोधनाला सरकारी पैसा मिळेल, पण त्या दिवसापर्यंत तयार झालेल्या पेशीवंशांपुरताच, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींपुरताच. तीन वर्षांपूर्वी विस्कॉन्सिनच्या जेम्स थॉमसन यांनी या पेशी मानवी भ्रूणातून पहिल्यांदा वेगळ्या केल्या होत्या. टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात उरलेला, काही दिवसांचा, टाचणीच्या टोकाएवढा भ्रूण. त्यातून पेशी काढल्या की तो संपतो. कोणी म्हणतं, तो माणूसच आहे. कोणी म्हणतं, तो टाकूनच द्यायचा होता, मग त्यातून कोणाचा मणका दुरुस्त होत असेल तर का नाही? दोन्ही बाजूंची माणसं मनापासून बोलत आहेत आणि हा प्रश्न कोणी हसण्यावारी नेऊ नये.

महिनाअखेर अमेरिकेची यादी येते. जगभरातले ६४ पेशीवंश, त्यातले सात मुंबईच्या रिलायन्स लाइफ सायन्सेसचे आणि तीन बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवशास्त्र केंद्राचे. वॉशिंग्टनमधल्या वादाचा एक धागा असा थेट मुंबईत पोचतो. पाच वर्षांनी जपानचे शिन्या यामानाका चार जनुकांच्या मदतीने उंदराच्या साध्या त्वचापेशीला मूलपेशीच्या अवस्थेत परत नेतील. पुढच्या वर्षी तेच माणसाच्या पेशींवर होईल आणि भ्रूणावरच्या वादाची धार बरीच बोथट होईल.

तोवर आपल्याकडे वेगळाच वाद उभा राहतो. अमेरिकेत भांडण भ्रूणावरून झालं, आपल्याकडे ते बिलावरून आहे.

दुबई, २००६

दुबईच्या सरकारी आरोग्यसेवेत नाळरक्ताची पेढी आणि संशोधन केंद्र याच वर्षी सुरू होतं. बाळाच्या नाळेतल्या रक्तातही रक्त घडवणाऱ्या मूलपेशी असतात. १९८८ मध्ये पॅरिसमध्ये एलियान ग्लुकमन यांनी बहिणीचं नाळरक्त देऊन एका मुलाला वाचवलं होतं. थॅलेसेमिया हा आनुवंशिक रक्तविकार मोठ्या प्रमाणावर असलेल्या या देशात अशी पेढी गरजेची आहे.

पण मुंबई-पुण्याच्या प्रसूतिगृहांतून फिरलात तर खासगी पेढ्यांचे प्रतिनिधी सातव्या महिन्यातल्या जोडप्याला गाठताना दिसतील. बाळाचा आयुष्याचा विमा, असं सांगून ते रक्त वर्षानुवर्षं गोठवून ठेवायचे हप्ते लावतात. बाळाला थॅलेसेमिया असेल तर त्याच्या स्वतःच्या नाळरक्तातही तोच दोष असतो, हे त्या माहितीपत्रकात ठळक छापलेलं नसतं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, असं स्वतःसाठी साठवणं सरसकट कोणाला सुचवत नाही. घरात आधीच प्रत्यारोपणाची गरज असलेलं भावंड असेल तर गोष्ट निराळी.

अल क्वोज, २०१८

शुक्रवार, सुटीचा दिवस. वाळू कधीच सिमेंटखाली गेली आहे. कॅम्पच्या खोलीत दुमजली लोखंडी खाटा, दोरीवर वाळत घातलेले कव्हरऑल, खालून मेसमधल्या बिर्याणीचा वास. मंडणगडकडचा तुमचा रूममेट मोबाइल पुढे धरतो. त्याचा मुलगा पाच वर्षांचा आहे, बोलत नाही, नजरेला नजर देत नाही. डॉक्टरांनी ऑटिझम सांगितलाय. बायकोने एका क्लिनिकचं पत्रक पाठवलंय.

"दादा, पोराच्याच पेशी काढून पाठीच्या कण्यात सोडतात म्हणे. दोन-तीन वेळा करावं लागेल. कंपनीकडून उचल घेऊ काय?"

तुम्ही काळातून फिरून आला आहात. त्याला अजून जे ठाऊक नाही ते तुम्हाला ठाऊक आहे. दोन वर्षांनी अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाचा अभ्यास छापून येईल. ऑटिझम असलेली १८० मुलं, दोन ते सात वर्षांची. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना नाळरक्त दिलं, काहींना नुसतं दिसायला तसंच द्रावण. कोणाला काय मिळालं हे आईबापांनाही ठाऊक नव्हतं. मुख्य कसोटीवर दोन्ही गटांत म्हणण्याजोगा फरक निघाला नाही.

त्याला तुम्ही एवढंच सांगा: वय वाढतं तशी ही मुलं काही गोष्टी शिकतातच. क्लिनिकमध्ये इंजेक्शनच्या जोडीला वाचाउपचार, खेळ, शिकवणी हेही चालू असतं. वर्षाने पोराने "बाबा" म्हटलं तर ते पेशींमुळे की शिकवणीमुळे की वयामुळे, हे इंजेक्शन न दिलेल्या तशाच मुलांशी ताडून पाहिल्याशिवाय कोणाला सांगता येणार नाही. आयसीएमआरचे २०१७ चे नियम याच कारणाने स्पष्ट आहेत. रक्ताशी संबंधित आजारांतलं प्रत्यारोपण सोडलं, तर मूलपेशींचा इतर सगळा वापर प्रायोगिक आहे आणि तो मान्यताप्राप्त चाचणीतच व्हायला हवा.

तो गप्प होतो. उचलीचे पैसे तो घेईल की नाही, हे तुम्ही ठरवू शकत नाही. आशा हा त्याचा गुन्हा नाही. गुन्हा त्या आशेवर दर लावणाऱ्याचा आहे.

अल क्वोज, मे आणि जून २०२०

तीच खोली. बाहेर निर्बंध, कामं बंद, दाराशी ताप तपासणारा माणूस. एका खोलीत इतकी माणसं राहतात की अंतर पाळायचं कसं, हा प्रश्न रोजचा. १ मे रोजी मोबाइलवर बातमी फिरते: अबुधाबीच्या स्टेम सेल केंद्राने कोविडवर उपचार शोधला. रुग्णाच्या रक्तातून मूलपेशी काढायच्या, त्या सक्रिय करायच्या आणि बारीक फवाऱ्याने पुन्हा फुप्फुसात सोडायच्या. ७३ रुग्णांना दिला, सगळे बरे झाले. खोलीत हलकी टाळी वाजते.

बातमी नीट वाचा. हे नेहमीच्या उपचारांच्या जोडीने दिलं होतं, असं त्यातच लिहिलं आहे. आणि बहुतेक कोविड रुग्ण तसेही बरे होत होते. जूनमध्ये केंद्र तुलनेचे आकडे देतं: सात दिवसांच्या आत बरं होण्याची शक्यता ३.१ पट. ही पुढची पायरी होती आणि ती योग्य दिशेची होती. पण मोठ्या, स्वतंत्र चाचण्यांचा आधार तिला मिळाला नाही आणि जगाच्या कोविड उपचारांत या फवाऱ्याला जागा मिळाली नाही.

त्याच महिन्यात, १६ जूनला, ऑक्सफर्डहून दुसरी बातमी येते. डेक्सामेथासोन. दम्यापासून सांधेदुखीपर्यंत दशकानुदशकं वापरलेलं, स्वस्तातलं औषध. चिठ्ठीने निवडलेल्या २,१०४ रुग्णांना ते दिलं आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या ४,३२१ रुग्णांशी ताडून पाहिलं. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटले. सप्टेंबरपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेने ते सुचवलं. तालुक्याच्या इस्पितळापर्यंत ते पोचलं.

अबुधाबीच्या त्याच केंद्राने त्या वर्षी अमिरातीतल्या अस्थिमज्जा प्रत्यारोपणाच्या कार्यक्रमालाही सुरुवात केली, हेही लक्षात ठेवा. एकाच छताखाली दोन कामं. एकाच्या पाठीशी साठ वर्षांच्या मोजण्या, दुसऱ्याच्या पाठीशी काही आठवड्यांची घाई. पेशी दोन्हीकडे आहेत. फरक पुराव्याचा आहे.

लंडन ते गडचिरोली, २०२३ नंतर

१६ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटन कॅसजेव्ही या उपचाराला मान्यता देतो. सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या रुग्णाच्याच रक्तमूलपेशी बाहेर काढायच्या, जनुकं कापणाऱ्या क्रिस्परच्या कात्रीने त्यात नेमका बदल करायचा आणि केमोथेरपीने मज्जा रिकामी करून त्या परत सोडायच्या. चाचणीत पुरेसा काळ पाहणी झालेल्या ३१ पैकी २९ रुग्णांना किमान वर्षभर वेदनेचा तीव्र झटका आला नाही. टोरोंटोतल्या त्या गाठींपासून निघालेली वाट इथवर आली आहे.

किंमत मात्र अमेरिकेत २०२३ मध्ये माणशी २२ लाख डॉलर ठरली. आता गडचिरोलीत, नंदुरबारमध्ये चला. विदर्भातल्या सिकलसेलची नोंद १९५८ पासून आहे आणि आजही या दोन्ही जिल्ह्यांतली मुलं सांधे धरून रात्र काढतात. २०२३ च्या जुलैत सुरू झालेल्या राष्ट्रीय मोहिमेत सात कोटी लोकांची तपासणी करायचं ठरलं. २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सीएसआयआरच्या संस्थेने स्वस्त देशी क्रिस्पर उपचार, बिरसा १०१, पुढे आणला आणि त्यासाठी पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. त्यालाही चाचण्यांची पूर्ण शिडी चढावी लागेल, आणि आदिवासी मुलासाठी ती शिडी एका पायरीनेही आखूड करू नये. उशीर आपण सरकारकडे पैसा आणि वेग मागून कमी करायचा, पुरावा कमी करून नाही.

या प्रवासातून एक गोष्ट बरोबर घेऊन जा आणि अल क्वोजच्या कॅम्पपासून मंडणगडच्या वाडीपर्यंत सांगा. कोणी मूलपेशींचा उपचार देऊ केला तर आधी विचारा: तो न घेतलेल्या रुग्णांशी ताडून पाहिलाय का आणि ते कुठे छापलंय? "ही चाचणी आहे" असं उत्तर आलं, तर तिचा नोंदणी क्रमांक मागा. भारतातल्या चाचण्यांची सीटीआरआय ही नोंदवही सर्वांना इंटरनेटवर खुली आहे. आणि नियम असा की खऱ्या चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे घ्यायचे नसतात. ज्या काउंटरवर चाचणीच्या नावाने पावती फाडली जाते, तिथून मुलाला घेऊन बाहेर पडा. ते पैसे त्याच्या वाचाउपचाराला लावा.