पंडिता रमाबाई : एका श्रद्धेचा इतिहास



पंडिता रमाबाईंची दोन चित्रे महाराष्ट्राच्या मनात फार वर्षे शेजारी शेजारी टांगलेली आहेत. एका चित्रात त्या आपला धर्म टाकून गेलेली विदुषी आहेत, दुसऱ्यात त्या मिशनऱ्यांच्या चरित्रग्रंथांतील संतिणी आहेत. पहिले चित्र रागाने रंगवलेले, दुसरे भक्तीने. अलीकडच्या संशोधकांनी पुष्कळ नवे साधन उजेडात आणले, तरी सामान्य वाचकाच्या मनातली ही दोन चित्रे फारशी हललेली नाहीत. आज मी एवढेच करणार आहे : देवाने आपल्याला टाकले असे ह्या बाईंना केव्हा वाटले, आणि देवाचा आधार त्यांना पुन्हा केव्हा सापडला, ह्याची सनावळी आपल्यापुढे मांडणार आहे. कारण ह्या प्रकरणात काय घडले ह्याइतकेच ते कोणत्या क्रमाने घडले ह्यालाही महत्त्व आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ सालचा, सह्याद्रीतील गंगामूळच्या रानातला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे जुन्या परंपरेतले मोठे पंडित. पण बायकोला संस्कृत शिकवल्याबद्दल शास्त्रीमंडळींपुढे जाब द्यावा लागलेले. पुढे घरदार आटोपले आणि हे कुटुंब तीर्थोतीर्थी पुराण सांगत हिंडू लागले. ह्या घराची श्रद्धा वरवरची नव्हती. व्रते, उपवास, दानधर्म, अनुष्ठाने ह्यांत त्यांनी काही कमी ठेवले नाही. मद्रास इलाख्यात दुष्काळ पडला तेव्हाही गाठीचे द्रव्य ब्राह्मणांना दान देऊन आणि रात्रंदिवस देवाची आराधना करून ही माणसे उत्तराची वाट पाहत राहिली. उत्तर आले नाही. शेवटी अकरा दिवस पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर ह्यांवर काढण्याची वेळ आली. अंध झालेल्या अनंतशास्त्र्यांनी जलसमाधीचा विचार केला होता. मुलाने मोलमजुरीची तयारी दाखवली म्हणून तो टळला. पण ते थोड्याच दिवसांत गेले. मागोमाग आई गेली, आणि थोरली बहीणही गेली. आईची तिरडी उचलायला चार माणसे मिळेनात. दोघा ब्राह्मणांना दया आली. उरलेले दोन खांदेकरी म्हणजे मुलगा आणि मुलगी. मुलगी उंचीने इतकी लहान की, तिला तो भार खांद्यावर घेता येईना. तिने तो डोक्यावर घेतला.

रमाबाईंची श्रद्धा ढळली ती येथून. भाऊ श्रीनिवास आणि त्या नंतरही तीर्थे करीत हिंदुस्थानभर पायी हिंडल्या. झेलमच्या काठी थंडीपासून बचाव म्हणून वाळूत खड्डा करून त्यातच निजल्या. पण आता तीर्थात मन राहिले नव्हते. १८७८ मध्ये कलकत्त्यास 'पंडिता' आणि 'सरस्वती' ह्या पदव्या मिळाल्या, सभा गाजल्या. आणि त्याच वेळी शास्त्रे वाचताना स्त्रीला मोक्षाचा मार्ग किती अरुंद ठेवला आहे, हेही त्यांना दिसू लागले. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी ह्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. १८८२ च्या आरंभी तेही पटकीने गेले. चोविसाव्या वर्षी पदरी मनोरमा नावाची तान्ही मुलगी, आणि मागे एकही सख्खे माणूस नाही.

आता पहिला प्रश्न. लोक म्हणतात, दुष्काळात अन्नासाठी माणसे धर्म बदलतात. ते पुष्कळ ठिकाणी खरेही असेल. पण रमाबाई उपाशी होत्या त्या वर्षांत त्यांनी धर्म बदलला नाही. त्या वर्षांत त्यांचा देव फक्त हरवला. उलट १८८२ मध्ये त्या पुण्यास आल्या तेव्हा त्यांच्याभोवती सुधारकांचा आदर होता, आर्य महिला समाज त्यांनी स्थापला होता, हंटर आयोगापुढे त्यांची साक्ष झाली होती. त्यानंतर, १८८३ च्या सप्टेंबरात, इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पोट भरणे तर दूरच, स्वदेशातला मान मात्र त्यांनी गमावला. आश्रितपणाचे दडपण होते म्हणावे, तर त्यांची आणि सिस्टर जेरल्डीनची पत्रे १९७७ मध्ये छापून प्रसिद्ध झालेली आहेत, ती वाचावीत. त्रैक्याच्या सिद्धान्तावर, चर्चच्या अधिकारावर ही आश्रित बाई आपल्या यजमानिणींशी पानेच्या पाने वाद घालते. ही दडपलेल्या माणसाची भाषा नव्हे.

त्यांना तेथे खेचले ते कशाने? त्या स्वत: फुलहॅमच्या एका घराचे नाव सांगतात. समाजाने टाकलेल्या स्त्रियांना तेथे आश्रय मिळे. अशा स्त्रियांची सेवा भल्या घरच्या बायका का करतात, असे विचारल्यावर त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील विहिरीवरच्या शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवण्यात आली. जिच्याशी बोलण्यास कुणी तयार नव्हते तिच्याशी ख्रिस्त आपण होऊन बोलतो, ही ती कथा. तिरडी डोक्यावर वाहिलेल्या मुलीला ह्या कथेत काय दिसले असेल, हे मी वेगळे सांगायला नको.

परंतु येथे कथा संपत नाही, आणि माझ्या मते हाच तिचा सर्वांत मोलाचा भाग आहे. १९०७ मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत रमाबाई सरळ कबूल करतात की, बाप्तिस्म्याने त्यांना ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळाला नाही. मधल्या काळात अमेरिकेचा प्रवास झाला, १८८७ चे पुस्तक झाले, ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन निघाले. तरी मनाला शांती नव्हती. ती आली बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी. हॅस्लम ह्या इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या हाती पडले. हा गृहस्थ पाद्री होऊन पुष्कळ वर्षे झाल्यावर, व्यासपीठावर स्वत:चेच प्रवचन करता करता श्रद्धावान झाला होता. ते वाचताना रमाबाईंना उमगले की, धर्म स्वीकारणे निराळे आणि देवाने आपल्याला स्वीकारले आहे हा विश्वास निराळा. अनंतशास्त्र्यांच्या घरात देवाला प्रसन्न करण्यासाठी सर्व काही देऊन झाले होते. येथे काही द्यावयाचे नव्हते, घ्यावयाचे होते.

ह्या आश्वासनाने संकटे थांबली काय? मुळीच नाही. १८९३ मध्ये शारदासदनातील मुली त्यांच्या प्रार्थनेला बसतात ह्यावरून वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या पालकांची भीतीही समजून घेतली पाहिजे. संस्था धर्माच्या बाबतीत तटस्थ राहील ह्या भरवशावर त्यांनी मुली पाठवल्या होत्या. ह्याच सदनातली गोदूबाई पुढे अण्णासाहेब कर्व्यांची पत्नी झाली, हेही विसरता येत नाही.

मग १८९६ चा दुष्काळ आला. रमाबाई मध्यप्रांतात गेल्या आणि भुकेने सुकलेल्या मुली घेऊन परतल्या. केडगावच्या माळावर मुक्तिसदन उभे राहिले, आणि १९०० च्या दुष्काळानंतर तेथील वस्ती सुमारे दोन हजारांवर गेली. ज्या मुलीला एका दुष्काळात कुणी विचारले नाही, तिने पुढच्या दुष्काळांत इतरांना विचारले. श्रद्धेची कसोटी पाहण्याचे दुसरे माप इतिहासकाराजवळ नाही. मनात काय उजळले हे त्याला दिसत नाही; त्या उजेडात कोणाला वाट मिळाली, एवढे दिसते.

शेवटचा घाव १९२१ चा. मनोरमा आईच्या आधी गेली. तेव्हा रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर पुरे करीत होत्या. त्या ग्रंथात, स्तोत्रसंहितेच्या बाविसाव्या स्तोत्राच्या प्रारंभी, देवाने टाकलेल्या माणसाचा आक्रोश आहे. वधस्तंभावर ख्रिस्ताच्या मुखी तोच आला. ज्या धर्मात त्यांना आधार सापडला, त्या धर्माने हा आक्रोश आपल्या पोथीतून वगळलेला नाही. अगदी मध्यभागी ठेवला आहे. रमाबाईंना तेथे घर वाटले, त्याचे एक कारण मला ह्यात दिसते. त्यांच्या बालपणीचा प्रश्न तेथे आधीच विचारलेला होता, आणि तो विचारणारा पाखंडी ठरला नव्हता.

५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला. भाषांतर १९२४ मध्ये बाहेर पडले. त्यांचा मार्ग आपणांपैकी अनेकांचा नसेल. पण देवाचे मौन इतकी वर्षे ऐकूनही जिने भुकेल्यांची हाक ऐकणे सोडले नाही, तिचा इतिहास रागाने किंवा स्तुतीने आटोपता येणार नाही. तो सन लावून, सावकाश वाचला पाहिजे.