वसईचा किल्ला नव्हे, वसईचं शहर

गेल्या रविवारी सकाळी लवकर वसईच्या किल्ल्यात गेलो होतो. वर्षातून चार-पाच वेळा जातोच. भुई दरवाजापाशी एक सात-आठ वर्षांचा मुलगा वडिलांना विचारत होता, "पप्पा, राजा कुठे राहायचा?" वडिलांनी इकडेतिकडे बघितलं आणि म्हणाले, "इथेच असेल कुठेतरी."

मला राहवलं नाही. म्हटलं, "बाळा, राजा इथे कधीच राहिला नाही. तो खूप लांब, लिस्बनला राहायचा." त्यावर पोराने लगेच विचारलं, "मग इथे कोण राहायचं?"

प्रश्न अगदी बरोबर होता. गेली कितीतरी वर्षं आपण वसईकरांनी तो स्वतःला विचारलेला नाही. आपण 'किल्ला' म्हणतो, मग आपल्याला तिथे फक्त लढाई दिसते. खरं तर हे साधारण ११० एकरांचं, तटबंदीतलं बंदराचं शहर होतं. सरळ रस्ते, मोठा चौक, चर्च, मठ, इस्पितळ, तुरुंग, सावकारांची आणि सरदारांची घरं असं सगळं होतं. दोन तास हाताशी ठेवून पायी फिरलात तर ते अजूनही दिसतं.

आधी थोडा इतिहास. डिसेंबर १५३४ मध्ये गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने तह करून वसई आणि आसपासचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्याच्या मागे हुमायून लागला होता, त्याला मदत हवी होती. तीन वर्षांच्या आत दीवला पोर्तुगीजांशी झालेल्या झटापटीत तो मारला गेला, पण वसई पुढची दोनशे वर्षं त्यांच्याकडे राहिली. चौल, दमण, दीव हा सगळा 'उत्तरेचा प्रांत'. त्याचा कारभार वसईतून चालायचा. आणि मुंबई? ती वसईच्या हाताखालची, आठवणीत न राहणारी सात बेटं. १६६१ च्या लग्नाच्या करारात पोर्तुगालने ती इंग्रजांना आंदण दिली. आज सकाळी ७.२० च्या लोकलला दारात लटकताना हे आठवून बघा, जरा बरं वाटतं.

आता चालायला लागू. भुई दरवाजातून आत शिरताना रस्ता मुद्दाम वळवलेला आहे. हत्ती किंवा जमाव थेट धडक मारू शकू नये म्हणून. तीन बाजूंना पाणी आणि चिखल, शत्रू येणार तो जमिनीकडूनच. म्हणून सगळ्यात जाड तट आणि भक्कम बुरूज याच बाजूला. १७३९ चं युद्ध इथेच झालं.

पुढे बालेकिल्ला, म्हणजे शहराचा सगळ्यात जुना भाग. त्याच्या दारावरची दगडात कोरलेली चिन्हं नीट बघा. ती पोर्तुगीज राजमुद्रा आहे. मुलाने विचारलेला राजा इथे फक्त एवढाच होता, दगडातला.

मग चर्च लागतात. डॉमिनिकन, जेझुइट, फ्रान्सिस्कन, प्रत्येक पंथाचं वेगळं. जेझुइटांच्या चर्चशी संत गोन्सालो गार्सिया यांचं नाव जोडलेलं आहे. वसईत जन्मलेला हा मुलगा जपानला गेला आणि १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळालं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत आपल्या वसईचा. दरवर्षी फेब्रुवारीत आपली ख्रिस्ती मंडळी त्याच्या सणाला इथे जमतात, तेव्हा छप्पर नसलेलं ते चर्च पुन्हा चर्च होतं.

फ्रान्सिस्कनांच्या सेंट अँथनी चर्चमध्ये पाय जपून टाका. जमिनीतल्या शिळा म्हणजे थडगी आहेत. त्यांवर नावं आहेत, घराण्यांची चिन्हं आहेत. मुलाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर इथे मिळतं. इथे पोर्तुगीज सरदार राहायचे, त्यांच्या बायका-मुलं राहायची. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी इथे आला होता. त्याने रुंद, सरळ रस्ते पाहिले, आणि प्लेगने शहराचा जवळजवळ तिसरा भाग ओसाड पडलेलाही पाहिला. म्हणजे मराठे येण्याच्या चाळीस-पंचेचाळीस वर्षं आधीच हे शहर आतून खचलेलं होतं.

उरलेलं अर्धं उत्तर कुठल्याच शिळेवर लिहिलेलं नाही. हे दगड घडवले कुणी? चुना मळला कुणी? पालख्या वाहिल्या कुणी? जहाजं बांधली कुणी? इथल्याच पाथरवटांनी, सुतारांनी, कोळ्यांनी, कुणब्यांनी आणि गुलामांनी. वसईचा दगड इतका नावाजलेला होता की जुन्या गोव्याच्या बॉम जेझू चर्चचा काळ्या दगडाचा दर्शनी भाग वसईच्या दगडाचा आहे. पुढच्या वेळी गोव्याला गेलात की त्या भिंतीला हात लावून या. गाववाला भेटल्यासारखं वाटेल.

आपल्या तोंडातही ते शहर अजून आहे. चावी, पगार, लिलाव, तुरुंग, मेस्त्री, घमेलं, पाव, साबण, नाताळ. हे सगळे शब्द पोर्तुगीजांकडून आले. गंमत म्हणजे या यादीवरूनच कळतं कोण कुणासाठी काय करत होतं.

म्हणून हे राज्य गोड होतं असं मात्र समजू नका. देवळं पडली, सक्तीची धर्मांतरं झाली, इन्क्विझिशनची दहशत होती. अणजूरच्या गंगाजी नाईकांसारखी माणसं पेशव्यांकडे धाव घेत होती ती उगाच नाही. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि साष्टी घेतली. फेब्रुवारी १७३९ मध्ये चिमाजी अप्पा वसईला भिडले. पाणथळ जमिनीत खंदक खणत, सुरुंग भरत, तीन महिने. तटाला खिंडार पाडून मराठे आत घुसायचे आणि परत रेटले जायचे. आपली पाच हजारांच्या आसपास माणसं पडली असं सांगतात. घेता येत नसेल तर माझं शीर तरी तोफेने आत टाका, असं अप्पा म्हणाल्याची आख्यायिका आपण शाळेपासून ऐकलेली आहे.

पण मला त्या आख्यायिकेपेक्षा १६ मे १७३९ चा तह जास्त मोठा वाटतो. इतकी माणसं गमावल्यावरही अप्पांनी हरलेल्यांना बायका-मुलं आणि सामानसुमान घेऊन सन्मानाने जाऊ दिलं. मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळायची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा विजयाची खूण म्हणून गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीला, भीमाशंकरला त्या आजही वाजतात. माणसं मात्र राहिली, म्हणून आज किल्ल्याच्या एका बाजूला नागेश्वराचं देऊळ आहे आणि तटाला लागून किल्लाबंदरात, पाचूबंदरात ख्रिस्ती कोळीवाडे आहेत.

हे सांगायचं कारण असं की हल्ली किल्ल्यावरून दोन टोकाची बोलणी ऐकू येतात. एक म्हणतो, गुलामीची खूण आहे, पडू दे. दुसरा १७३९ चा विषय निघाला की गप्प होतो, हा आपला इतिहास नाही म्हणून. दोघांनाही माझं सांगणं एकच. जिंकणारे आपले आणि बांधणारेही आपलेच. चिमाजी अप्पांचा पराक्रम समजायचा तर तो तट उभा असायला हवा. तटच नसला तर पोरांना काय दाखवणार, ते सर केलं काय?

आणि तट पडतोय. बारा वर्षांपूर्वी ज्या भिंतीच्या सावलीत आम्ही डबे खाल्ले, ती आता दगडांचा ढीग आहे. पिंपळाची मुळं सांध्यांत शिरलीत. सेंट जोसेफच्या बुरुजात प्रेमवीरांची नावं कोरलेली आहेत. थडग्यांवर केक कापतात, बाटल्या फोडतात. लग्नाआधीच्या फोटोंसाठी रंगीत धूर सोडतात. रस्ता शहराच्या मधूनच जातो, आणि २०२४ पासून भाईंदरची रो-रो सुरू झाल्यावर गाड्या वाढल्या. बोट चांगलीच आहे, मी स्वतः तिने जातो. पण आलेल्या माणसाला 'हे काय आहे' हे मराठीत सांगणारे धड फलक तरी हवेत की नकोत? मी मागे एका कार्यालयात लेखी अर्ज दिला होता. पोच मिळाली. उत्तराची अजून वाट बघतोय.

मागणी फार मोठी नाही. पावसाळ्यानंतर दरवर्षी झाडांची मुळं काढा. थडगी असलेल्या जागी रखवालदार ठेवा. मुख्य दहा ठिकाणी फलक लावा. आणि तालुक्यातल्या प्रत्येक शाळेची एक सहल महाबळेश्वरऐवजी इथे काढा, बसभाडं वाचेल.

त्या मुलाला मी शेवटी बंदर दरवाजापर्यंत नेलं. बाहेर खाडी, होड्या, वाळत घातलेली जाळी. तो म्हणाला, "म्हणजे इथे आपल्यासारखीच माणसं राहायची?"

म्हटलं, हो. काही वरून हुकूम देणारी, आणि बरीचशी आपल्यासारखी.

वडिलांनी जाताना विचारलं, "पुढच्या रविवारी आहात का?" आहे. सकाळी साडेसहा, भुई दरवाजा. पाण्याची बाटली आणा, आणि ती परत घेऊन जा.