ब्लूटूथ स्टॅक

ब्लूटूथ स्टॅक हा ब्लूटूथद्वारे कमी अंतरावर बिनतारी संदेशवहन करणाऱ्या उपकरणांतील, थरांच्या स्वरूपात रचलेल्या प्रोटोकॉलांचा संच आहे. उपकरणे परस्परांना कशी ओळखतात, कशी जोडली जातात आणि माहिती किती सुरक्षितपणे पाठवतात, हे स्टॅकच्या अंमलबजावणीवर अवलंबून असते.

रचना

स्टॅकचे नियंत्रक आणि यजमान असे दोन भाग असतात. नियंत्रक चिपमध्ये असून तो २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यातील रेडिओ सांभाळतो. यजमान भाग बहुधा ऑपरेटिंग सिस्टिममध्ये असतो. दोहोंमधील दुव्याला एचसीआय म्हणतात. यजमानातील एल२कॅप हा थर माहितीचे तुकडे करतो व ते पुन्हा जोडतो. आरएफकॉम सिरियल पोर्टाची नक्कल करतो. २०१० मध्ये ४.० आवृत्तीसोबत आलेल्या कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमध्ये तापमानासारख्या छोट्या नोंदींची देवाणघेवाण गॅट या थरामार्फत होते.

प्रमुख अंमलबजावण्या

क्वालकॉममध्ये विकसित झालेला ब्लूझेड २००१ मध्ये लिनक्स कर्नलमध्ये समाविष्ट झाला. अँड्रॉइडने २०१२ मध्ये, ४.२ आवृत्तीपासून, ब्लूझेडऐवजी ब्रॉडकॉमच्या स्टॅकवर आधारित ब्लूड्रॉइड स्वीकारला.

देवनागरी नावे

उपकरणाचे नाव यूटीएफ-८ संकेतनात साठवले जाते. त्यात रोमन अक्षराला १, तर देवनागरी चिन्हाला ३ बाइट लागतात. मात्रा, अनुस्वार हेही स्वतंत्र चिन्ह मानले जातात. कमी ऊर्जेच्या ब्लूटूथमधील मूळ उद्घोषणा पॅकेटात ३१ बाइट माहिती मावते. सूचक खुणांचे ३ व नावाच्या शीर्षकाचे २ बाइट वजा जाता नावासाठी २६ बाइट उरतात. पुणे जिल्ह्यातील दोन तालुक्यांवरून एखाद्या संवेदकाला ‘शिरूर-दौंड’ असे नाव दिल्यास त्याला २८ बाइट लागतात. स्टॅकने ते २६ व्या बाइटवर तोडल्यास ‘ड’चा एकच बाइट उरतो आणि नावाच्या शेवटी निरर्थक खूण दिसू शकते. त्यामुळे नाव पूर्ण चिन्हाच्या सीमेवर तोडावे लागते, किंवा संपूर्ण नाव शोध-प्रतिसाद पॅकेटात पाठवावे लागते. त्यात सूचक खुणा आवश्यक नसल्याने २९ बाइट उपलब्ध असतात.

सुरक्षितता

सप्टेंबर २०१७ मध्ये ‘ब्लूबॉर्न’ नावाने उघड झालेल्या त्रुटी अँड्रॉइड, लिनक्स, विंडोज आणि आयओएस यांच्या स्टॅकमध्ये आढळल्या. ब्लूटूथ चालू असलेल्या उपकरणावर जोडणीची संमती न घेताही हल्ला करणे त्यांमुळे शक्य होते. अशा त्रुटी सॉफ्टवेअर अद्ययावत करून दूर होतात. मात्र उत्पादकाने अद्यतने देणे थांबवलेली जुनी उपकरणे असुरक्षितच राहतात.